उंबरठ्यापासून खुंटीपर्यंत

माझा नवरा गेला त्या सकाळी सासूबाईंनी मला फरशी पुसू दिली नाही. सुरुवात इथूनच करते, कारण बाकीचं सगळं पेपरात आलं होतं, आणि पेपरात आलं ते सगळं खोटं होतं.

माझा नवरा एदिक, म्हणजे एदुआर्द झाव्यालोव, हेरखात्यात कर्नल होता. आमच्या इमारतीत तो 'परदेशी व्यापारात' आहे असं म्हणायचे आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसायचे. त्या उन्हाळ्यात तो आठवडाभराच्या कामासाठी व्हिएन्नाला निघाला. निघण्याआधी आम्ही तिघं, तो, मी आणि त्याची आई कापितोलिना येगोरोव्ना, पद्धतीप्रमाणे घडीभर गप्प बसलो. तो सुटकेसवर, सासूबाई स्टुलावर आणि मी चपलांच्या फळीवर. मग तो उठला, आईच्या कपाळाचा मुका घेतला, माझ्या गालाला गाल लावला आणि लिफ्टमध्ये शिरला. आदल्या दिवशीच्या पावसानं त्याच्या बुटांचे ठसे दारापासून खुंटीपर्यंत उमटले होते. मी फडकं उचललं, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"वेड लागलंय का तुला, ताया? माणूस पोचला नाही अजून!"

"आई, चिखल आहे नुसता."

"असू दे चिखल. पोचल्याचा फोन येऊ दे, मग पूस हवं तेवढं."

हे मलाही ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आईसुद्धा पाळायची. गेलेल्या माणसामागे लगेच फरशी पुसली तर त्याची वाटच पुसली जाते. लगेच पुसतात ती शवपेटी घराबाहेर काढल्यावर, म्हणजे गेलेला परत फिरत नाही. सासरे वारले तेव्हा पेटी लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्यानं उतरवत होते. लोक चौथ्या मजल्याच्या वळणावर पोचतायत तोवर सासूबाई गुडघ्यांवर बसून दारातली फरशी पुसत होत्या. रडत नव्हत्या. लढाईत तीन वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई, कामाच्या वेळी रडायची सवय नव्हती.

फोन आला नाही. संध्याकाळी मी पीठ आणायला निघाले आणि कोट काढताना खुंटीकडे लक्ष गेलं. एदिकच्या किल्ल्या तिथं लटकत होत्या. रीगाला गेलो होतो तेव्हा मी घेऊन दिलेला पितळी मासा त्यांना लावलेला होता, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता.

आठवड्यानं घरी परतणारा माणूस घराच्या किल्ल्या नेतो. विसरला असेल, असं मी स्वतःला म्हणून बघितलं. पण ज्या माणसाला काड्यापेटीत किती काड्या उरल्यात हेही माहीत असायचं, तो किल्ल्या विसरेल? त्याला त्या पुन्हा लागणार नव्हत्या, एवढंच. मी किल्ल्या एप्रनच्या खिशात टाकल्या आणि दुकानात जाऊन पिठाऐवजी मीठ घेऊन आले.

चौथ्या दिवशी त्याच्या खात्याची माणसं आली. त्यांचा म्होरक्या ल्यापिन, खात्यातल्या माणसांवर नजर ठेवणारा साहेब. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. पूर्वी आमच्याकडे वाढदिवसाला यायचा आणि सासूबाईंच्या लोणच्यातल्या अळंब्या बरणी रिकामी होईपर्यंत खायचा. त्या दिवशी त्यानं कोटसुद्धा काढला नाही.

"ताइसिया ल्वोव्ना, तुमच्या नवऱ्यानं देशाशी गद्दारी केली आहे. तो अमेरिकनांकडे आहे."

"तुम्ही भिंतीच्या कडेनं चाला," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"भिंतीच्या कडेनं. त्याच्या पावलांवर पाय देऊ नका. आणि माझा एदिक स्वतःच्या पायानं कुणाकडे जाणार नाही. त्याला पळवून नेलंय. शोधायचं सोडून तुम्ही इथं माझी कपाटं काय उपसताय? कपाटात आहे का तो?"

झडती घेणारे सहा दांडगे पुरुष भिंतीला चिकटून, कडेकडेनं आत आले. त्यांनी गाद्या उसवल्या, पीठ चाळलं, पियानोच्या पोटात हात घातला. माझ्या अंगावरच्या एप्रनमध्ये हात घालायचं कुणाला सुचलं नाही. ते गेल्यावर मी किल्ल्या कुट्टूच्या, म्हणजे लापशीच्या दाण्यांच्या, डब्यात तळाशी ढकलल्या. खात्याला सापडू नयेत एवढ्यासाठी नव्हे. खात्याला सगळं कळलंच होतं. त्या सासूबाईंना सापडू नयेत म्हणून.

कारण सासूबाई उभ्या होत्या त्या एवढ्या एका गोष्टीवर. पळवून नेलंय. स्वतः गेला नाही. हृदयाचं औषध जिभेखाली ठेवून त्या रोज अंगणातल्या बाकावर बायकांमध्ये जाऊन बसायच्या, आणि बायका सरकून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जायच्या, तरी बसायच्या. मला मुलंबाळं नव्हती. नवरा हा असा. घरात मला माझं म्हणावं असं माणूस म्हणजे ही खाष्ट म्हातारी, आणि हिला कोसळताना बघायची माझी तयारी नव्हती.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. हेडबाईंनी बोलावलं आणि अगदी हळवेपणानं सांगितलं, "ताइसिया ल्वोव्ना, तुमचा नवरा व्हिएन्नात नाहीसा झाला आणि तुम्ही वर्गात काठीनं व्हिएन्ना दाखवणार, हे बरं दिसत नाही हो." मला वाचनालयात पुस्तकांची धूळ झटकायला बसवलं. ल्यापिननं घटस्फोटाच्या कागदावर सही घेतली. मी एका मिनिटात दिली. तो माझं सांत्वन करायची तयारी करून आला होता, त्याची पंचाईत झाली.

सासूबाईंना पक्षाच्या सभेत उभं केलं. पक्षाचं सभासदत्व त्यांनी आघाडीवर, खंदकात घेतलं होतं. चाळीस वर्षांचं ते लाल कार्ड त्या पाकिटात नाही, अंगाशी बाळगायच्या. फक्त एवढं म्हणा, असं त्यांना सांगण्यात आलं, की एदुआर्द झाव्यालोव माझा मुलगा नाही. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते, दार उघडं होतं.

"मी त्याला बाळंतपणाच्या टेबलावर तीस तास काढून जन्म दिला," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी कोण होतं तिथं?"

"कॉम्रेड झाव्यालोवा, विषय तो नाही."

"विषय तोच आहे. तो स्वतः गेलेला नाही. आणि तुम्हाला हे पटत नसेल तर हे घ्या."

त्यांनी ब्लाउजमधून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. घरात शिरताना भिंतीच्या कडेनं गेल्या, बूट काढले आणि म्हणाल्या, "आता पोचल्याचा फोन येईपर्यंत मला मरायची सोय नाही."

तो पट्टा तसाच राहिला. बाकी घर मी घासून लख्ख ठेवायचे, पण दारापासून खुंटीपर्यंतची फरशी, म्हणजे आमचं ते भुरं लिनोलियम, तशीच. हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ आणि चिखल त्यावर साचला, तरी म्हातारी हात लावू देईना. भावाची बायको एकदा आली आणि नाक मुरडून म्हणाली, "ताया, घर आहे की ट्रामचा थांबा?" सासूबाईंनी तिला चहा न देता वाटेला लावलं.

कुलपाचं सुचलं तेही सासूबाईंनाच. एक दिवस जेवता जेवता चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "ताया! त्याला पळवलं तेव्हा खिशात घराच्या किल्ल्या असतील. म्हणजे आता त्या अमेरिकनांकडे आहेत!"

मी सूप पीत राहिले. कुट्टूचा डबा त्यांच्या डोक्यामागे फळीवर होता.

"अमेरिकन पाचव्या मजल्यावर येऊन काय नेणार, आई? पियानो?"

"हसू नकोस. कुलूप बदल."

त्यांनी ल्यापिनलाही फोन करून बजावलं की शत्रूकडे आमच्या घराच्या किल्ल्या आहेत, याची नोंद घ्या. तो फोनवर हसला असणार. मी कुलूपवाल्याला वोडकाची एक बाटली देऊन नवं कुलूप बसवून घेतलं. जुन्या किल्ल्या हातात असताना जुनं कुलूप काढून टाकायला बाटली द्यायची, असा हा माझा संसार.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा ल्यापिन पुन्हा आला. ह्या वेळी हातात केक होता. भिंतीच्या कडेनं, न सांगता, आत आला.

"कापितोलिना येगोरोव्ना, तुमचं म्हणणं खरं होतं," तो म्हणाला. "एदुआर्दला शत्रूनं व्हिएन्नात औषध टोचून पळवलं होतं. त्यानं त्यांच्या हातावर तुरी दिल्या आहेत. आपल्या वकिलातीत पोचलाय. परवा विमानतळावर उतरेल."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. मी औषधाची बाटली आणायला धावले, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. तोंडावर असं काही पसरलं होतं की मला बघवेना.

"आणि माझा घटस्फोट?" मी विचारलं.

ल्यापिननं केकची दोरी सोडत विचारलं, "कुठला घटस्फोट?"

सोमवारपर्यंत मी गद्दाराची सोडलेली बायको होते, मंगळवारी वीराची पत्नी झाले. मला विमानतळावर नेऊन उभं केलं, हातात फुलं दिली, कुठून चालत यायचं ते दाखवलं. एदिक जाडा झाला होता. जवळ नवा अमेरिकन कोट होता आणि तो त्यानं विमानातून उतरताना उलटा घडी घालून हातावर घेतला होता, लेबल आत. कॅमेऱ्यांपुढे त्यानं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "रड." मला खरंच रडू आलं, पण त्याच्यामुळे नाही. मागे सासूबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या.

त्या रात्री टीव्हीवर पत्रकार परिषद दाखवली. एदिक कागदावरचं वाचत होता. इंजेक्शनं, जंगलातलं घर, चोवीस तास पहारा. "माझं घड्याळ घेतलं, कागदपत्रं घेतली," तो वाचत गेला, "माझ्या घराच्या किल्ल्यासुद्धा त्यांनी काढून घेतल्या."

"ऐकलंस?" सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "ऐकलंस, किल्ल्या! कोण म्हणत होतं पियानो नेणार का म्हणून?"

त्यांचंच वाक्य होतं ते. ल्यापिननं त्यांच्या फोनवरून उचलून कागदात घातलं होतं. माणूस कामाचा, काही वाया घालवत नव्हता. आणि खात्यासाठी छुपं काम करणाऱ्या ज्या परदेशी माणसांची नावं एदिकनं तिकडे सांगितली, ज्यांना मग त्यांच्या त्यांच्या देशात धरलं, त्यांचं काय झालं, हे त्या परिषदेत कुणीच विचारलं नाही. नंतरही नाही. गेले बिचारे.

टीव्ही बंद झाल्या झाल्या म्हातारीनं बादली भरली. मी करते म्हटलं तर माझ्यावर ओरडल्या. सत्तरीची बाई गुडघ्यांवर बसून, सुरीनं चिखलाचे थर खरवडून, गरम पाण्यानं, मग साबणानं, मग पुन्हा पाण्यानं तो पट्टा पुसत होती आणि गाणं गुणगुणत होती. लिनोलियमवर फुलांची नक्षी होती हे मी विसरूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी पक्षाची दोन माणसं लाल कार्ड घेऊन आली आणि चुकलंच आमचं असं म्हणाली. बाकावरच्या बायकांनी मध्ये जागा करून दिली. सासूबाई त्या जागेवर बसल्या, पण सरकत सरकत, सगळ्यांना थोडं चेंगरून. तेवढा हक्क होता त्यांना.

खात्यानं एदिकला आठवडाभर आपल्याकडे ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं. खाली गाडीत दोन माणसं बसवून. सासूबाई खरेदीला गेल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला. आमच्या घरात खरं बोलायचं असलं की नळ सोडायचा, एवढं मी त्याच्याकडूनच शिकले होते.

"तुला एक सांगायचंय," मी म्हटलं. "मला माहितीय तू कसा गेलास. मला त्याचं काही नाही, मी सही करून मोकळी झाले होते. पण तुझ्या आईनं तुझ्यासाठी कार्ड टेबलावर टाकलंय. तिच्यासमोर सांभाळून बोल. एक वस्तू..."

त्यानं हात लांब करून नळ बंद केला.

"त्यांनी मला औषध टोचलं, तायुशा," तो भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मला काही आठवत नाही."

"एदिक, मी आहे. मी."

"काही आठवत नाही." मग सिगरेट पेटवली आणि खुर्चीत रेलला. "काय माणसं असतात, तुला सांगतो! आधी एवढा मान, एवढी सरबराई, आणि मग? काम संपल्यावर एक कोवळा पोरगा बसवला माझ्यासमोर. रशियन बोलायचा दातात काटा अडकल्यासारखा. मला एड म्हणायचा. एड! कर्नलला! आणि घर दाखवलं होतं मोठं, बाग, दोन गाड्यांची जागा, आणि दिलं काय? दोन खोल्या, खाली पेट्रोल पंप. पावाला तर चवच नाही, कापूस."

"पळवून नेलेल्या माणसाला," मी म्हटलं, "घर कोण दाखवतं, एदिक?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. एकदा, भिंतींना सोडून, मला. तर त्यानं राख झटकली आणि विचारलं, "पेल्मेनी कधी करणार आई?"

त्याला सावध करायचं म्हणून मी बसले होते. उठले ती सावध न करताच. आता म्हणाल, किल्ल्यांचं सांगायला हवं होतं सरळ. कुणाला सांगायचं? समोर माणूसच नव्हता. ल्यापिनचा कागद बसला होता, सिगरेट ओढत. वाटलं, एवढा कसलेला आहे, सगळ्या जगाला फसवून आलाय, आईला फसवायला त्याला माझी काय गरज?

पेल्मेनी रविवारी केल्या. सासूबाई सकाळपासून पीठ मळत होत्या, मी त्या छोट्या करंज्यांत खिमा भरत होते. खात्याचा डॉक्टर येऊन गेला होता, उद्या सकाळी एदिकला काळ्या समुद्राकाठच्या आरोग्यधामात नेणार होते, तब्येतीसाठी आणि टीव्हीसाठी. सासूबाई खुशीत होत्या. पेल्मेनी चिमटीत दाबत त्या मला ऐकवत होत्या, "बाकावर ती प्रास्कोव्या काय म्हणाली माहितीय? म्हणे, तुमच्यासारखी आई पाहिजे. मी म्हटलं, आधी कुठं गेली होतीस बाई?"

एदिक पेपर टाकून उठला. "काळा पाव नाहीये घरात. घेऊन येतो. सिगरेटी पण संपल्या."

"कोट घाल," सासूबाईंनी आतून ओरडून सांगितलं. "वारा आहे."

त्यानं कोट चढवला. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याची पाठ बघत होते. त्यानं टोपी घातली, डावा हात खिशात घातला आणि उजवा, न बघता, खुंटीकडे नेला. वीस वर्षांची सवय. तोंडाला त्यांनी सगळं पढवलं होतं, हाताला नव्हतं. बोटं रिकाम्या खुंटीवर चाचपली.

"आई, माझ्या किल्ल्या कुठे ठेवल्यास? जाताना इथंच तर अडकवून गेलो होतो."

माझ्या मागे सासूबाईंचे हात पिठात थांबले. त्या उठल्या आणि पिठाच्या हातांनी तशाच मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एदिक वळला. आईचं तोंड बघितल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. सगळ्या जगापुढे न चळलेला माणूस कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे, दुसऱ्या," तो म्हणाला. "जुन्या. ऑफिसच्या. मला म्हणायचं होतं..."

"पाव आण," सासूबाई म्हणाल्या. "पाणी उकळत आलंय."

तो गेला. दार ओढलं गेलं. सासूबाई परत येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि पुढची पेल्मेनी दाबली, मग आणखी एक. माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठे आहेत?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण ह्या घरात ते पुरेसं झालं होतं. मी फळीवरून डबा काढला आणि कुट्टू परातीत ओतला. शेवटी पितळी मासा ठणकन वाजला. सासूबाईंनी किल्ल्या उचलल्या, एप्रनला पुसल्या आणि तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून, आई."

"आणि मला कुलूप बदलू दिलंस."

"काय करणार होते?"

त्या स्टुलावर टेकल्या. औषध देऊ का म्हटलं तर मान हलवली. "त्या सभेत टेबलापलीकडे बसले होते ना, ताया, ते सगळे," त्या म्हणाल्या, "ते खरं बोलत होते. हरामखोर होते, पण खरं बोलत होते. खोटं मी एकटी बोलत होते. भर सभेत." मग पुन्हा उठल्या आणि पेल्मेनी पाण्यात सोडल्या. परातीला चिकटून बसायला नको होत्या.

जेवताना त्यांनी त्याला वाढलं, त्यानं मागितलं तेव्हा आंबट साय दिली, पुन्हा वाढलं. तो हलकेहलके बोलायला लागला. त्याला वाटलं, म्हातारी विसरली. किंवा मुलगाच ना, घेईल पोटात. आजवर घेतलं होतंच. किल्ल्या त्या दुपारीच खुंटीवर परत गेल्या होत्या, मासा बाहेरच्या बाजूला. त्याला दिसल्या असणार. त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सकाळी ल्यापिन स्वतः घ्यायला आला. सुटकेस दारात ठेवली. बाहेर गारठा होता, बर्फ वितळून चिखल झाला होता आणि ल्यापिनचे बूट लिनोलियमवरच्या फुलांवर उमटले. ह्या वेळी त्याला कुणी भिंतीच्या कडेनं चालायला सांगितलं नाही.

"चला, बसू या घडीभर," ल्यापिन म्हणाला आणि चपलांच्या फळीवर टेकला. एदिक सुटकेसवर बसला. मी भिंतीला टेकले. सासूबाईंचं स्टूल रिकामं होतं.

"आई!" एदिकनं हाक मारली. "ये ना, बसायचंय."

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. बादली भरत होती.

"आई, गाडी थांबलीय!"

त्या बाहेर आल्या. बाह्या वर केलेल्या. त्यानं त्यांच्या कपाळाचा मुका घेतला, त्यांनी घेऊ दिला. ओल्या हातांनी त्याला धरलं नाही. म्हणाल्याही काही नाहीत, ना जप, ना फोन कर. ल्यापिननं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि सुटकेस उचलली. ते दोघं लिफ्टपाशी गेले. आमची लिफ्ट रडतखडत येते.

दार उघडंच होतं. सासूबाईंनी बादली आणली, उंबरठ्याशी गुडघे टेकले आणि फडकं पिळलं. उंबरठ्यापासून सुरुवात केली. सासऱ्यांच्या वेळी केली होती तशी, लांब, सरळ हात मारत. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग पावलं, पण परत येणारी.

एदिक दारात आला. "किल्ल्या राहिल्या," म्हणत एक पाय त्यानं आत टाकायला उचलला, आणि खाली बघितलं. त्याची आई त्याच्या पायांपाशी, गुडघ्यांवर. अर्धा पट्टा ओला, चकचकीत. ह्याच दारात, ह्याच फरशीवर त्यानं बापाच्या वेळी तिला हे करताना पाहिलं होतं. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आई," तो म्हणाला. त्याचा आवाज त्या एका वेळी मला खरा वाटला. "आई, मी अजून खालीसुद्धा उतरलो नाहीये."

सासूबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या. खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या आणि हात लांब करून उंबरठ्यावरून त्याच्या हातात दिल्या. त्या किल्ल्यांनी आमचं दार आता उघडत नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मग त्या पुन्हा खाली बसल्या, फडकं बादलीत बुडवलं, पिळलं.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "आत येऊ नकोस."